दुसरा झेंडू

दुकानदार सेन्सरविषयी सांगत होता, तेवढ्यात निमकरांनी भर मे महिन्यात पिशवीतून माकडटोपी काढली. "हिच्यात मावेल तो कॅमेरा द्या." तीन अडले, चौथा मात्र अलगद गडप झाला.

घरात मान मोडणारं दीड किलोचं धूड असताना दुसरा कॅमेरा घेतला, हे बायकोला, सुलभाताईंना, कळलं असतं तर निमकरांची धडगत नव्हती. पण मोठा कपाटात ठेवून ते छोट्याला टोपीतून बिनबोभाट टेकडीवर नेऊ लागले. दर रविवारी पक्षी टिपून शीळ घालत घरी येत.

दसऱ्याला सुलभाताईंनी पाटावर विळी, कात्री आणि मोठा कॅमेरा मांडून हळदकुंकू वाहिलं. कॅमेऱ्यावर एक झेंडू ठेवला आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर आणखी एक.

"हा कुणाचा?" निमकरांनी विचारलं.

"टोपीतल्याचा. आणा त्याला, पहिलाच दसरा आहे त्याचा."

निमकरांचा चेहरा पडला. "कधी कळलं तुला?"

"दर रविवारी माझ्याकडून मान चोळून घ्यायचात," सुलभाताई म्हणाल्या. "मेपासून बामाची बाटली उघडलीच नाही."