विकतची कणीक

तेजश्रीचं बाकी सगळं सुंदरबाईंनी खपवून घेतलं असतं. उशिरा उठणं, दूध उतू जाऊ देणं, धुणं दोन-दोन दिवस दोरीवर तसंच ठेवणं. पण सून उलटून बोलत नव्हती, हे त्यांना खपत नव्हतं. काही सांगावं तर "बरं." घालून पाडून बोलावं तरी "बरं." लेक अमरसिंह गेल्यापासून या बाईच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. सासूनं बोलायचं तरी किती, आणि कुणाशी?

आज मात्र सून न विचारता गॅसपाशी काहीतरी करत होती. सुंदरबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन टेकल्या. ओट्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातनं आणलेलं पाकीट फाडून ठेवलं होतं. आत मळलेली कणीक. थंडगार, पांढरट, साबणाच्या वडीसारखी.

"हे काय?"

"कणीक."

"ते दिसतंय. डोळे गेले न्हाईत माझे. विकत कावून आणली? पिठाचा डबा भरून हाय घरात."

"राजनंदिनीचा वाढदिवस हाय आज."

नातीचा वाढदिवस सुंदरबाईंना पहाटे डोळे उघडल्यापासून ठाऊक होता. पण घराला रीत होती. माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत कढई चढवायची नाही, गोडाची कणीक मळायची नाही. सासऱ्यांच्या वेळी त्यांनी ती पाळली होती. नवऱ्याच्या वेळी पाळली. आता लेकाच्या वेळी पाळत होत्या.

"वर्ष झालं न्हाई अजून."

"मी मळली न्हाई, आत्याबाई. मळलेली आणली. कढई बी न्हाई ठेवली."

गॅसवर खरंच आप्पेपात्र होतं.

"वकिलीण झालीस," सुंदरबाई म्हणाल्या.

"बरं," तेजश्री म्हणाली.

तिनं गोळा लाटला. वरून तूप फिरवलं. किसलेला गूळ, तीळ आणि खोबऱ्याचा किस पसरला. चटईसारखी गुंडाळी केली, सुरीनं तिच्या चकत्या पाडल्या आणि एकेक चकती पात्राच्या खळग्यात बसवली. वर झाकण घातलं. हात चालत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. दुसऱ्याच्या घरचं काम उरकावं तसं. थोड्या वेळानं गूळ वितळल्याचा वास सुटला. सुंदरबाईंनी पदर नाकाला लावला. मग काढला.

राजनंदिनी शाळेचे कपडे घालून, दप्तर घेऊन पाटावर येऊन बसली. तेजश्रीनं ताटलीत तीन चकत्या ठेवल्या. पोरीनं त्यांच्याकडं बघितलं, मग आजीकडं. हात मांडीवरच राहिले.

"खा," तेजश्री म्हणाली.

"नको."

"कावून?"

"आज्जी म्हणली होती. आपण गोड खाल्लं की पप्पांना तिथं उपाशी राहावं लागतं."

पाढा म्हणावा तसं तिनं ते म्हटलं. मग दप्तराचा पुढचा कप्पा उघडून दाखवला. आत चॉकलेटं होती, गोळ्या होत्या. शाळेत ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला मिळालेल्या. काही विरघळून कागदाला चिकटल्या होत्या. एकही फोडलेली नव्हती.

"वर्ष झालं की खाणार हाय," ती म्हणाली.

दहाव्याच्या गर्दीत पोर पेढ्यासाठी रडत होती. तिला गप्प करायला सुंदरबाई तसं बोलल्या होत्या. बोलल्या आणि विसरल्या.

तेजश्री सासूकडं बघत उभी राहिली. आईनं कितीही सांगितलं तरी पोरगी आता खाणार नव्हती.

सुंदरबाई पाटाजवळ जाऊन बसल्या. ताटलीतली एक चकती उचलली, फुंकरही न घालता तोंडात टाकली. चावली. गिळली. पोरगी त्यांच्या गळ्याकडं बघत होती. जिभेला चटका बसला तेवढा त्यांना कळला. गोड काही कळलं नाही.

राजनंदिनीनं जरा वेळ वाट बघितली. वर पत्र्याकडं पाहिलं. काही झालं नाही. मग तिनं एक चकती उचलून कडेनं कुरतडली, आणि मग सगळी खाल्ली. बोटं चाटली.

"गूळच न्हाई ह्यात," सुंदरबाई म्हणाल्या. "मातीगत लागतंय. विकतची कणीक ती विकतचीच."

"मूठभर गूळ हाय त्यात." तेजश्रीचा आवाज चढला नव्हता. "कणकेला कावून नावं ठेवता? तुमच्या तोंडाची चव गेलीय. माझी बी गेलीय. पण मी पोरीच्या ताटाला नावं ठेवत न्हाई."

पात्रातलं तूप चुरचुरत राहिलं. राजनंदिनी बोट तोंडात ठेवून दोघींकडं बघू लागली. तेजश्रीचा हात ओठांवर गेला, पण बोलणं बाहेर पडून गेलं होतं.

सुंदरबाईंनी सुनेकडं बघितलं. मग शेवटच्या चकतीची ताटली उचलून तिच्यापुढं धरली.

"आत्ता बोललीस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ह्या घरात मी एकटीच जिती हाय. खा."