पाठीवरचे वण
म्हसा गावच्या जत्रेत आईचा नवस फेडायचा होता. पोरगा लढाईतून जिवंत आला तर पाठीत लोखंडी गळ टोचून घेईल, असं ती परस्पर बोलून बसली होती. मी शर्ट काढला. तोफगोळ्याच्या तुकड्यांचे वण, सगळे पाठीवर. “पळत होता का रे?” मागून कुणीतरी हसलं. शेजारी भाविक नावाचा जवान उभा होता, माझ्याच पलटणीतला, छातीवर शौर्यपदक. गोळा पडला तेव्हा मीच त्याला अंगाखाली घेतलं होतं. नंतर त्यानं मला खांद्यावर घालून चौकीवर आणलं, त्याचंच त्याला पदक मिळालं. आई म्हणाली, “भाविक, तू होतास ना तिथं? सांग यांना.” भाविकनं पदक सरळ केलं. “हो काकी. मीच उचलून आणला याला.” टाळ्या पडल्या. पुजारी गळ घेऊन वाकला. “जरा दुखंल हां.” “टोचा,” मी म्हटलं, “आता काय नाय दुखायचं.”