कुट्टूचा काढा

अश्लेषानं दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून तिचं पीठ केलं आणि काढ्यात ढवळलं. चमचा पेल्याला लागू दिला नाही. पलीकडच्या खोलीत तिचे सासरे, उद्धवबुवा, संध्याकाळच्या कीर्तनाची चाल गुणगुणत होते.

"सूनबाई, माहं औषध झालं का? अकोटची गाडी निघून जाईन ना!"

"आणलंच, बाबा."

बुवांनी पेला कपाळाला लावला आणि एका दमात रिकामा केला. "आज जरा जास्तच कडू लागून राहिलं."

तिनं रिकामा पेला पटकन उचलला. "कुट्टू नवा आहे," ती म्हणाली.

गेल्या वर्षी रक्तदाब चढून बुवा बार्शीटाकळीला ऐन कीर्तनात कोसळले होते. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. बुवांनी हात जोडले. "ज्या तोंडानं नाम घेतो, त्यात स्पिरिटातून काढलेलं काही जानार नाही."

अश्लेषा अमरावतीच्या एका कॉलेजात कुट्टूवर काम करायची. उपवासाच्या पिठाचा तोच कुट्टू. त्यातली गुणकारी द्रव्यं स्पिरिटाशिवाय, नुसत्या कोमट पाण्यात ध्वनिलहरी सोडून उतरवायची, हा तिचा विषय. नाल्यात विष सोडायचं नाही, उरलेल्या चोथ्याचं खत करायचं. हे ऐकून बुवा खुलले. "हे घेईन मी!"

पण त्यानं माणसाचा रक्तदाब उतरतो का, हे अजून कुणीच तपासलं नव्हतं. म्हणून डॉक्टरांना विचारून ती त्यात गोळी घालत होती. बुवांना कळलं असतं, तर ते तिच्या हातचं पाणीही प्यायले नसते. आणि गोळीवाचून त्यांचं काय झालं असतं, ते तिनं बार्शीटाकळीला पाहिलं होतं.

गाडीत बुवा पुढच्या बाकावर बसले. अकोट आलं तसे वळून म्हणाले, "आज पुढं बसजो. तुह्याबद्दल बोलाचं हाये."

"बाबायले कळलं का?" तिचा नवरा ईशान कुजबुजला.

"मले काय माहीत?"

मंदिर भरलं होतं. बुवांनी चिपळ्या थांबवल्या, पेटीही थांबली.

"मंडळी, माह्या घरात वर्षभर माह्यापासून एक गोष्ट लपवल्या गेली."

अश्लेषानं ईशानकडे पाहिलं. ईशाननं मान खाली घातली.

"माही सून इतकं मोठं काम करते, परगावचे लोक पाहाले येतात, अन् घरी एक शब्द नाही! मले कॉलेजच्या शिपायानं सांगतलं. डॉक्टर म्हनते, बुवा, तुमचं बीपी जवान पोरासारखं. कायच्यानं? तिच्या काढ्यानं! बोला पुंडलिक वरदे…"

"हाऽऽरी विठ्ठल!" मंदिर दणाणलं.

अश्लेषाचे डोळे भरून आले. मनातल्या मनात तिनं देवाला दंडवत घातला. वाचले.

शेजारी बसलेल्या अकोटच्या म्हाताऱ्या माणिकबाईनं आपली बोटं कडाकडा मोडत तिची दृष्ट काढली.

"बुवायनं दिवाळीच्या कीर्तनात सांगतलं, तवापासून आमी बी घरीच कुट्टू उकळून पेतो, माय. आता आमच्या अख्ख्या गल्लीत बीपीची गोळी कोनीच घेत नाही."