माळावरचं कुंपण

"सापडली! सुदर्शन, अकरा! अकरा मोजली मी!"

विनीता उतारावरून ओरडत पळत खाली आली. ओढणी बोरीच्या काट्यांत अडकून मागेच राहिली, याचा तिला पत्ताही नव्हता. रुपेरी रेघांचं ते इवलंसं फुलपाखरू तिला तब्बल दोन वर्षांनी दिसलं होतं. ती उदगीरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि प्रत्येक सुट्टीत देवणीजवळचे हे माळ पायांखाली घालायची. पलीकडच्या टेकडीवर ही फुलपाखरं होती, तेव्हा तिनं खटपट करून तिथं तारेचं कुंपण घालून घेतलं, गुरांना बंदी केली. तरी ती नाहीशी झाली. आणि आज ती इथं होती!

"आजच खड्डे घ्या. दिवस मावळायच्या आत तार ओढून झाली पाहिजे."

कुंपणाचं काम घेतलेल्या सुदर्शनच्या माणसांनी पहारी उचलल्या. तसे बोरीखाली टेकलेले गुरुपादप्पा उठले. सत्तरीचा गुराखी, सोबत बारा देवणी गायी. पलीकडच्या टेकडीवरून विनीतानंच त्यांना हुसकलं होतं, तेही चारचौघांदेखत. तेव्हापासून ते या माळावर चारत.

"जातो म्याडम," ते म्हणाले. "पर कुंपण घालूनच राहिलाव, तर एक सांगतो. तिकडं बी ही पाखरं लई हुती. तार वढली अन् सालभरात गेली."

"गुरं चोरून आत शिरली असतील."

"एक बी न्हाई शिरलं. म्हणून तर गेली."

विनीता थबकली. अप्पांनी उकिडवं बसून एक दगड अलगद उलथला. खाली काळ्या मुंग्यांची एकच धांदल उडाली. त्यांच्या मधोमध त्याच फुलपाखराची एक हिरवट अळी होती आणि मुंग्या तिला घेरून उभ्या होत्या.

"ह्या हिला राखतात. सांजच्याला बोरीवर चरायला काढतात, उजाडायच्या आत घरी. आमच्यावानी गुराखीच म्हना की. पर ह्यांला भुई तापलेली लागती. गवत माजलं की ऊन पोचंना, मंग बिऱ्हाड हलवतात."

त्यांनी दगड पुन्हा होता तसा ठेवला.

मुंग्यांवाचून या अळीचं चालत नाही, हे विनीता दर वर्षी वर्गात शिकवत होती. मुंग्यांचं कशावाचून चालत नाही, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

ती पळत सुटली. पलीकडच्या टेकडीवर तारेखालून वाकून आत शिरली. गवत कमरेइतकं वाढलं होतं. ते बाजूला सारून तिनं मातीवर तळहात टेकला. भर दुपारी माती गार होती. तिनं एक दगड उलथला, दुसरा उलथला, दहा उलथले. एक मुंगी दिसली नाही. हीच हिरवीगार टेकडी ती पाहुण्यांना कौतुकानं दाखवत आली होती.

परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. गुडघे मातीनं भरले होते, पण डोळे लकाकत होते. दोन वर्षांचं कोडं एका दुपारीत सुटलं होतं.

"सुदर्शन, खड्डे बुजव. आणि तिकडची तार काप."

"सगळी, मॅडम?"

"सगळी." मग ती गुरुपादप्पांकडे वळली. सगळी माणसं ऐकत होती. "अप्पा, चुकलं माझं. तुमच्या गायी तिकडं घेऊन चला."

अप्पांनी काठी उचलली.

"बाराच्या बारा एकदम नगं," ते म्हणाले. "कवळ्या बोरी बी वरबाडतील. आधी चार घालू. गवत बसलं की बाकीच्या."

आणि त्यांनी सगळ्यात पुढच्या गायीला नावानं हाक मारली.

पुढच्या वर्षी त्या टेकडीवर सात फुलपाखरं उडाली. विनीतानं त्याच रात्री अहवाल लिहायला घेतला. 'संवर्धन कोणी केलं' या रकान्यात तिनं गुरुपादप्पांचं नाव लिहिलं आणि खाली, एकीलाही न वगळता, बाराही गायींची.