बाबांचा गेम

"दादा दुपारी येतोय. गेम त्याला द्यायचा, ठरलं," धाकटीनं फोनवर फर्मान सोडलं. "बाबांचा नियमच होता. एकाचा डाव संपला की दुसऱ्याच्या हातात. तुझा डाव जरा जास्तच लांबलाय, भाऊ."

"देतो की. मी कुठं नाही म्हणतोय?" मधला म्हणाला.

फोन ठेवून तो शीळ घालत टेबलाशी बसला. समोर हातात मावणारे दोन करडे गेम होते, जुळ्या भावांसारखे. एक बाबांनी दोघा भावांत मिळून घेऊन दिलेला. दुसरा त्यानं याच आठवड्यात सुट्या भागांतून जोडलेला. दादाला हा दुसरा द्यायचा, एवढा साधा बेत होता.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत मधल्याचा शब्द खाली पडत नसे. फोनवरच्या खेळाला तो खेळ मानतच नव्हता. "काचेवर बोट फिरवणं म्हणजे इस्त्री करणं," तो म्हणे. "बटण दाबलं की बटणानंही आपल्याला दाबलं पाहिजे." हजारो गेम भरलेली नवी यंत्रंही त्याच्या कपाटात होती. पण त्यांवर माणूस खेळत नाही, नुसता निवडत बसतो, असं त्याचं ठाम मत होतं. बाबांचा गेम एकच खेळ खेळवायचा आणि तोही मुकाट्यानं.

तो त्यानं जिवापाड जपला होता. पडद्यावर उभी रेघ आली, पडदा बदलला. बटणांखालचे रबर झिजले, तेही बदलले. स्पीकर घोगरा झाला होता, नवा बसवला. बाहेरचं खोकं पिवळं पडलं होतं आणि दात येत असताना धाकटीनं त्याचा कोपरा चावून ठेवला होता. त्याच्या जागी कोरं खोकं आलं. गेल्या वर्षी बॅटरी गळून आतली सर्किटची पाटी हिरवी पडली, तीही गेली. मागचं बॅटरीचं झाकण तेवढं पहिलंच होतं, कारण झाकणाला कधी काही होत नाही. आता गेम पहिल्यापेक्षा झकास चालायचा.

काढलेला भाग कचऱ्यात टाकणं जुन्या यंत्रांच्या छंदिष्टांच्या त्याच्या ग्रुपमध्ये पाप समजलं जाई. फोटो ग्रुपवर टाकायचा आणि भाग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवरच्या डब्यात ठेवायचा. ज्याला हवा त्यानं न्यावा. ग्रुपवर सगळे टोपणनावांनी वावरत. त्यातल्या 'मुंगी'ला तर काहीही चालायचं. घोगरा स्पीकर? "टाकू नकोस, मी घेतो." गंजकी पाटी? "टाकू नकोस, मी घेतो." मधला मनापासून हसायचा. एकेकाचं वेड!

दादाला फसवताना त्याला क्षणभर कसंसंच झालं. पण दादा दातांच्या कवळ्या घडवणारा. त्याला यातलं काय कळणार? मधल्यानं बाबांचा गेम खणात ठेवला आणि खण लोटला.

दुपारी दादा आणि धाकटी आले. मधल्यानं जोडलेला गेम दादाच्या हातात ठेवला. "घे दादा. बाबांचा."

दादा थोडा वेळ खेळला. हरला, हसला. "छान चालतोय. बटणं अगदी कडक आहेत."

"मग! सांभाळलाय कुणी?"

"आणि खणातला कुठला?"

मधल्यानं वळून पाहिलं. खण नीट बसलाच नव्हता. आतला करडा कोपरा डोकावत होता.

"भाऊ!" धाकटी ओरडली. "लाज नाही वाटत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मधल्यानं खणातला गेम काढून छातीशी धरला. "वाटते. पण खरा हा आहे आणि हा मी नाही देणार, दादा. बाबा कामावरून येऊन यावरच खेळायचे. त्यांचा हात लागलाय याला. मला तो हवाय. बास."

मग दादानं हातातला गेमही परत टेबलावर ठेवला.

"ठेव. दोन्ही ठेव," तो शांतपणे म्हणाला.

मधल्याचा जीव भांड्यात पडला. धाकटी मात्र दादावरच उखडली. "असं कसं? तुला काहीच नको?"

दादानं पिशवीतून चष्म्याची जुनी डबी काढली आणि उघडून तिच्यापुढे धरली. आत एक पिवळा पडलेला गेम होता, मागून चिकटपट्टी लावलेला. धाकटीनं तो सुरू केला. पडद्यावर उभी रेघ होती. घोगऱ्या आवाजात ओळखीची धून वाजली. धाकटीचा अंगठा कोपऱ्याशी गेला आणि तिथंच थांबला.

"अय्या," ती म्हणाली, "हे तर माझे दात!"

मधल्यानं आपल्या हातातला गेम त्या पिवळ्या गेमशेजारी धरला.

"एवढ्या वर्षांत सगळं मिळालं रे," दादा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "मागचं झाकण तेवढं तुझ्याकडे राहिलंय. बदलशील तेव्हा टाकू नकोस, मी घेतो."