तारेचं दुसरं टोक

प्रतिभाचं बोट कॉम्प्युटरच्या बटणावर होतं. एकदा दाबलं की भिंतीपलीकडे धाकट्या जावेचा, मायाचा, ऑनलाइन इंटरव्ह्यू जागच्या जागी बंद पडणार होता.

शिरूरच्या त्या घरात दोन भाऊ, दोन हिस्से आणि मध्ये एक भिंत. भिंतीला भोक, भोकातून एक निळी तार. नेटची लाइन प्रतिभाच्या कॉम्प्युटरला आणि तिथून तारेने मायाच्या. ज्यातून नेट येतं तो कॉम्प्युटर बंद केला की दुसरीकडचं गेलंच, हे जोडणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रतिभाने ते पक्कं लक्षात ठेवलं होतं.

दिवाळीत पाण्याच्या मोटरीवरून जावाजावांचं बोलणं बंद झालं. संक्रांतीला नेटनेही मान टाकली. मग दोघा भावांनी रविवारभर गच्चीवर खुडबूड केली आणि नेट आलं ते आलंच. आता गेलंच तर रात्री, प्रतिभाची मालिका संपल्यावर. कंपनीलासुद्धा माणुसकी आहे, असं ती कौतुकाने सांगायची.

मागच्या महिन्यात ती तार उपटायलाच निघाली होती.

"आपलं नेट तिला कशापायी?"

"आसू दे गं," मच्छिंद्र घाईघाईने म्हणाला. "तारेला तेवढा हात लावू नको."

नवरा भावाचीच बाजू घेणार, हे तिला ठाऊक होतं.

आज सकाळी भिंतीतून दिराचा आवाज आला. सणसवाडीची नोकरी गेल्यापासून सम्राट घरीच होता.

"आज न्हाई जमलं तर दौंडला तुझ्या माहेरी जाऊ. हितं बसून काय करायचं?"

"आन् नेट मधीच गेलं तर?" मायाने विचारलं.

"न्हाई जात."

'जाऊ द्या की दौंडला,' प्रतिभा तेव्हा मनात म्हणाली होती. आता बटणावर बोट ठेवल्यावर मात्र तिला शेजारच्या दाराला लागलेलं कुलूप दिसायला लागलं. मग भांडायचं तरी कुणाशी? तिने बोट काढून घेतलं.

तेवढ्यात लाइट गेली. दोन्ही हिश्श्यांना इन्व्हर्टर वेगळे, पण प्रतिभाच्या इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी. पंखा तरी चालायचा नाहीतर कॉम्प्युटर. प्रतिभाने पंखा बंद केला. घामाने निथळत, पदराने वारा घेत ती कॉम्प्युटरला राखण बसली. नेट कमी पडायला नको म्हणून कालची राहिलेली मालिकासुद्धा तिने लावली नाही. पलीकडे माया आधी अडखळली, मग घडाघडा बोलायला लागली. प्रतिभाने भिंतीला कान लावला.

"थँक्यू मॅडम!" आणि पाठोपाठ सम्राटची आरोळी, "लागली!"

प्रतिभाला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. सुटले बिचारे. आपण मनात आणलं असतं तर? पण आणलं नाही. स्वतःवर बेहद्द खूश होऊन ती बसून राहिली. लाइट आली तशी तिने पंखा लावला, पाय पसरले आणि मालिका सुरू केली.

खिडकीशी माया उभी होती. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

"ताई, नोकरी लागली मला!"

"ऐकलं गं. लई बरं झालं. आता दौंडचं नाव काढू नका."

"न्हाई काढत." माया डोळे पुसत हसली. "माझा कॉम्प्युटर बंद करून पेढे आणायला निघाले व्हते. तेवढ्यात तुमच्या मालिकेचं गाणं ऐकू आलं. संपू द्या निवांत, मग करते बंद. संक्रांतीपासनं रोज करते तशी."