लेफ्ट बॅकची खोली

कबीरनं बेल वाजवली तेव्हा लीलावतीबाईंचे हात कणकेत होते. कोपरानं दार उघडलं, तर त्याच्यामागे एक बाई आणि तिचा उंच मुलगा.

"काकू, ही शिल्पा, हा वीर. लेस्टरहून आलेत. खोली बघायला."

"कुठली खोली?"

कबीरनं मायलेकांना बैठकीत बसवलं, बाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेतलं. तो फुटबॉल क्लबचा माणूस. अकॅडमीत लांबून आलेल्या पोरांना राहायला घरं बघून द्यायची, हे त्याचं काम. वॉटफर्डच्या या घरातली वरची खोली सध्या डेक्लनची होती. आयर्लंडचा पोरगा, सोळाव्या वर्षी आलेला.

"डेक्लनची खोली," कबीर हळू म्हणाला. "त्याला ठेवत नाहीयेत. अजून सांगितलं नाहीये. शनिवारची मॅच झाली की कोच सांगेल. तोवर प्लीज, काही बोलू नका."

"म्हणजे खेळवून घेणार आणि मग हाकलणार?"

"शनिवारी माणसं कमी आहेत ना."

"काय खोट आहे रे त्याच्यात?"

"काही नाही. चांगला आहे. पण नुसता चांगला आहे. वीर त्याच्याच जागेवर खेळतो, लेफ्ट बॅक. आणि दोन वर्षांनी लहान आहे." कबीरचा आवाज जरा चढला. "काकू, बाकीचे क्लब एकदा वर येतात, पुन्हा खाली जातात. आम्ही इतके सीझन वरच्या पाचात आहोत. का? कोणासाठी थांबत नाही म्हणून. एक जायच्या आधी पुढचा रेडी."

"ते दिसतंय. तो घरी यायच्या आधी तुम्ही हजर. आणि जाणाऱ्याचं काय?"

"हेल्प करतो ना आम्ही. लीफलेट असतं."

"लीफलेट." बाईंनी त्याला खालून वर बघितलं. "तुझ्या आईनं तुला जन्म दिला की छापून घेतला रे?"

तेवढ्यात पुढच्या दारात किल्ली फिरली. ट्रेनिंग लवकर सुटलं होतं. दोघं बाहेर येईपर्यंत डेक्लननं वीरचा हात हातात घेतलाही होता.

"नवीन का तू? मस्त!" तो इंग्रजीत सांगत सुटला. मागची छोटी खोली घेऊ नकोस, गारठून मरशील. त्यापेक्षा माझ्या खोलीत ये, जागा आहे. आजी ओरडते फार, पण तिच्यासारखं जेवायला कोणी घालत नाही. "खेळतोस कुठे?"

"लेफ्ट बॅक," वीर म्हणाला.

डेक्लनचा हात वीरच्या हातातच राहिला. त्यानं कबीरकडे बघितलं. कबीरनं मोबाइलचं झाकण उघडलं, मिटलं. मग डेक्लननं बाईंकडे बघितलं. शब्दाला कधी कमी न पडलेल्या बाई. त्यांनी मान खाली घातली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

"बरं," डेक्लन म्हणाला. त्यानं वीरचा हात सोडला, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि जिना चढून गेला. वर दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

"आई, मी काय चुकीचं बोललो?"

शिल्पाला सगळं कळलं होतं. चेहराच सांगत होता. ती उठून बाईंजवळ आली.

"काकू, याला सांभाळाल ना तुम्ही?"

"त्याच्या आईनंही हेच विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "आता तू उभी आहेस तिथंच उभं राहून. घेऊन जा पोराला, बाई. लेस्टरला जायला अजून गाडी मिळेल."

"काकू!" कबीर म्हणाला.

"तू गप रे."

शिल्पानं जिन्याकडे बघितलं. मग वीरकडे. तो श्वास रोखून तिच्याकडेच बघत होता.

"वीरला धुळीचा त्रास आहे," ती म्हणाली. "गादी नवीन घालाल ना?"